टर्मिनलमधल्या मेलचे रंग बिघडले तर : केबलपासून टर्मइन्फोपर्यंत

गोव्यातल्या पर्वरीत बसून मी काही छोट्या ऑफिसांचे आणि चार-दोन घरगुती मंडळींचे मेल सर्व्हर सांभाळते. त्यातले बरेचजण मेल वाचायला अजून मट, निओमट किंवा अल्पाइन हे टर्मिनलमध्ये, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या खिडकीत, चालणारे प्रोग्रॅम वापरतात. कारण साधं आहे. जुलैत बाहेर धो धो पाऊस, इंटरनेट रडतखडत. ब्राउझरमधला मेल उघडेपर्यंत चहा गार होतो, पण सर्व्हरवर चालणारा मट काळ्या खिडकीत झटकन समोर येतो. मट म्हणजे गावठी कुत्रं. नावाला जागून तो मिळेल त्यावर जगतो.

दर पावसाळ्यात ठरलेला फोनही येतो, ‘‘बाय, रंग परत गेले गो!’’ वीज जाते-येते, एखादा कॉम्प्युटर मरतो, त्याच्या जागी नवा येतो, आणि दुसऱ्या दिवशी पत्रं काळी-पांढरी होतात. सर्व्हरला कुणी बोटही लावलेलं नसतं. इतक्या वेळा हे केलंय, की आता फोनवरच तपासणीचा क्रम सांगते. तोच इथे लिहून ठेवते.

आज्ञा आणि फाइलींची नावं मी उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना ती नेहमीसारखी रोमन अक्षरांतच करायची.

लक्षणं

१. सगळं काळं-पांढरं. मटआरसी, म्हणजे मटच्या मांडणीच्या फाइलमध्ये, रंगांच्या ओळी जशाच्या तशा आहेत, तक्रारीचा संदेशही नाही, तरी रंग नाही.
२. रंग आहेत, पण काळ्यावरची निळी अक्षरं वाचता येत नाहीत.
३. काही ओळी गायब. माउसने ती जागा निवडली की मजकूर उमटतो.
४. मट सुरू होताना ‘हा रंग या टर्मिनलला चालत नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश.
५. घरच्या लॅपटॉपवरून नीट, ऑफिसातून वेगळं. किंवा टीमक्सबाहेर (एका टर्मिनलमध्ये अनेक खिडक्या चालवणारा प्रोग्रॅम) नीट, आत वेगळं.
६. निवडलेल्या पत्राची पट्टी ओळीच्या मध्येच संपते, किंवा मराठी विषयाच्या ओळीवर तिचे तुकडे मागे राहतात.
७. एक नियम लागतो, शेजारचा लागत नाही.
८. पांढरं पांढरं दिसतच नाही. सगळ्यालाच पिवळट, गुलाबी किंवा निळसर झाक.

मट स्वतः रंगवत नाही

हे एकदा डोक्यात बसलं की निम्मी धावपळ वाचते. चवथीच्या आधी घर रंगवायला काढलं आणि दुकानात जाऊन ‘चार नंबर द्या’ म्हटलं, तर डब्यात काय निघेल ते त्या दुकानाच्या शेडकार्डावर ठरतं. मटचं तसंच आहे. तो फक्त म्हणतो, ‘ही ओळ चार नंबरने लिही.’ एनकर्सेस नावाची लायब्ररी ‘टर्म’ या चलात, म्हणजे सिस्टिमने जपलेल्या एका नोंदीत, कुठल्या टर्मिनलचं नाव आहे ते पाहते, टर्मइन्फोच्या नोंदवहीतून त्या टर्मिनलची भाषा शोधते आणि तशी सांकेतिक अक्षरं पाठवते. ती एसएसएचमधून, म्हणजे सर्व्हरशी जोडणाऱ्या सुरक्षित दुव्यातून, येतात, मध्ये टीमक्स असेल तर तो आपल्या परीने भाषांतर करतो, आणि शेवटी तुमच्या समोरची खिडकी ठरवते की चार नंबर म्हणजे नेमका कोणता निळा.

म्हणून रंग बिघडले की लोक धावत मटआरसी उघडतात, आणि चूक बहुतेक वेळा तिथे नसते. स्क्रीनकडून सुरुवात करून आत आत जायचं.

स्क्रीन आणि केबल

फुकटची तपासणी, म्हणून पहिली. लक्षण ८ असेल तर ब्राउझरमध्ये एखादं कोरं पांढरं पान उघडा. तेही पिवळट दिसलं तर मटचा काही संबंध नाही. विंडोजमधला नाइट लाइट चालू आहे का बघा. तो संध्याकाळी आपोआप चालू व्हायला लावलेला असतो आणि लोक विसरून जातात.

तो बंद असूनही झाक राहिली तर मॉनिटरचं स्वतःचं बटण दाबून त्याचा मेनू आणा. हा मेनू मॉनिटर स्वतः काढतो, तो केबलमधून येत नाही. मेनू स्वच्छ आणि बाकी चित्र रंगीत झाक असलेलं, तर दोष केबलमध्ये किंवा कॉम्प्युटरकडच्या सॉकेटमध्ये. मेनूलाही तीच झाक, तर दोष मॉनिटरमध्येच.

जुन्या व्हीजीए केबलमध्ये लाल, हिरवा आणि निळा तीन वेगळ्या पिनांवरून येतात. निळ्याची पिन गेली की पांढरं पिवळं होतं, हिरव्याची गेली की किरमिजी, लालची गेली की आकाशी. वास्कोला बंदराजवळच्या एका ऑफिसात मी पूर्ण सकाळ रंगांच्या फाइलीत घालवली होती. शेवटी केबल काढून पाहिली, तर खाऱ्या हवेने पिनांवर हिरवा थर चढलेला. केबल बदलली, दोन मिनिटांत काम झालं. तेव्हापासून केबल आधी.

मॉनिटर उघडायचा मात्र नाही. आतल्या वीजपुरवठ्याच्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही भार राहतो. ते दुरुस्तीवाल्याचं काम.

खिडकी नव्याने काढा, मधले थर काढा

मटमध्ये कंट्रोल आणि एल दाबा. सगळी स्क्रीन परत काढली जाते. लक्षण ६ मधले उरलेले तुकडे याने गेले, तर रंगांची मांडणी ठीक आहे आणि गडबड फक्त रेखाटनाची आहे. त्यावर पुढे येते.

मग टीमक्स किंवा त्याच्यासारखाच जीएनयू स्क्रीन हा प्रोग्रॅम वापरत असाल तर त्यातून बाहेर पडून, सरळ एसएसएच करून मट उघडा. बाहेर नीट दिसलं तर पुढच्या सगळ्या तपासण्या सोडून थेट टीमक्सच्या भागावर जा.

दोन आज्ञा, दोन आकडे

लक्षण १, ४ आणि ५ साठी सगळ्यात जास्त उपयोगी पडणारी तपासणी ही. मटमधून बाहेर पडा, शेलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या जागी, या आणि टर्म या चलात काय आहे ते छापा:

एको डॉलर-टर्म

त्याच्याखाली ही:

टीपुट कलर्स

पहिल्या आज्ञेने टर्मिनलचं नाव मिळतं, दुसरीने त्या नावाला किती रंग येतात तो आकडा. एक्सटर्म-२५६कलर असेल तर २५६. नुसतं एक्सटर्म, नुसतं स्क्रीन किंवा लिनक्सचा साधा कन्सोल असेल तर ८. व्हीटी१०० असेल तर उणे १, म्हणजे रंग नाहीतच.

उणे १ आला की लक्षण १ चा उलगडा झाला. रंग नसलेल्या टर्मिनलवर मट रंगांच्या ओळी मुकाट्याने बाजूला ठेवतो. तो ओरडत नाही, म्हणून माणूस तासभर स्वतःच्या फाइलीतली चूक शोधत बसतो. ८ आला आणि फाइलीत कलर७५ सारखे मोठे नंबर असतील, तर मट ओरडतो. ते लक्षण ४.

आता लगेच खात्री करून घ्या:

टीपुट सेटएएफ १९६

आणि नंतर काहीही दोन शब्द छापा. ते भडक लाल आले तर सर्व्हरपासून खिडकीपर्यंतचा सगळा रस्ता मोकळा आहे, आणि चूक मेलच्या मांडणीत शोधायची. लाल आले नाहीत तर मेलला हातही लावू नका. टीपुट एसजीआर० दिलं की अक्षरं पूर्ववत होतात.

इथे बरेच हुशार लोक एक चूक करतात. बॅशआरसीमध्ये, म्हणजे शेल सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या फाइलीत, ‘टर्म म्हणजे एक्सटर्म-२५६कलर’ अशी ओळ कायमची ठोकून देतात. त्या दिवशी रंग येतात. पण आता तुम्ही कुठूनही या, टीमक्समधून, कन्सोलवरून, दुसऱ्या प्रकारच्या खिडकीतून, सर्व्हरला तेच एक नाव सांगितलं जातं. मग होम आणि एंडची बटणं भलतंच काही करतात, पट्ट्या अर्ध्या रंगतात, आणि दोन वर्षांनी तो गुंता माझ्याकडे येतो. टर्मचं नाव सांगायचा अधिकार समोरच्या खिडकीचा. चुकीचं नाव येत असेल तर खिडकीच्या सेटिंगमध्ये दुरुस्त करा. आणि बॅशआरसी, प्रोफाइल या फाइलींत अशी जुनी ओळ कुणी घालून ठेवली असेल तर ती काढा. एका ठिकाणी व्हीटी१०० लिहिलेलं सापडलं होतं. लिहिणारा नोकरी सोडून कधीच गेला होता.

पटीची तीन सेटिंगं

विंडोजवरून येणारे जवळजवळ सगळे माझे लोक सर्व्हरशी जोडायला पटी हा प्रोग्रॅम वापरतात, आणि पावसाळ्यातल्या फोनांचं मूळ हे आहे. पटीची जतन केलेली सेशन्स विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंगच्या साठ्यात, राहतात. कॉम्प्युटर बदलला की ती गेली, आणि कोऱ्या पटीत टर्मिनलचं नाव मुळात नुसतं एक्सटर्म असतं. म्हणजे आठ रंग.

कनेक्शनखालच्या डेटा या पानावर टर्मिनल-टाइपची चौकट आहे. तिथे एक्सटर्म-२५६कलर लिहा. मग विंडोखालच्या कलर्स पानावर २५६ रंगांना परवानगी देणारी खूण असल्याची खात्री करा. ती सहसा असतेच. त्याच पानावर ठळक अक्षरं कशी दाखवायची ते ठरतं: फॉन्ट बदलून, रंग बदलून की दोन्ही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आणि सगळं झाल्यावर सेशनच्या पानावर परत येऊन सेशनचं नाव निवडून सेव्ह दाबा. न दाबता ओपन केलं तर आजच्यापुरतं चालेल आणि उद्या सकाळी तुम्ही मला फोन कराल.

जुना कॉम्प्युटर अजून चालू असताना रजिस्ट्रीतली सायमन टॅथमच्या नावाची शाखा एक्स्पोर्ट करून पेनड्राइव्हवर ठेवली, तर नव्यावर एका डबल-क्लिकने सगळी सेशन्स परत येतात. टॅथम हे पटीचे मूळ लेखक, शाखा त्यांच्याच नावाने आहे.

निळा रंग

लक्षण २ ला मी दोष म्हणतच नाही, तो वारसा आहे. पटीमधला मूळ निळा घ्या: लाल ०, हिरवा ०, निळा १८७. काळ्यावर हा रंग म्हणजे अमावास्येला मांडवीत टाकलेली शाई. डोळ्याला उजेड मुख्यतः हिरव्यातून आणि लालमधून जाणवतो, निळ्यातून फार थोडा. म्हणून शुद्ध निळं अक्षर काळ्यावर उठत नाही, मग फॉन्ट कितीही मोठा करा.

यावर दोन उपाय आहेत, आणि कोणता घ्यायचा ते समजायला २५६ रंगांची रचना माहीत हवी.

० ते १५ हे सोळा नंबर शेडकार्डावरचे. त्यांचा खरा रंग तुमची खिडकी ठरवते. थीम बदलली की तेही बदलतात. १६ ते २३१ हा सहा गुणिले सहा गुणिले सहाचा ठोकळा: लाल, हिरवा, निळा यांच्या प्रत्येकी सहा पायऱ्या, एकूण २१६ रंग. २३२ ते २५५ या राखाडीच्या २४ छटा. १६ पासून पुढचे रंग सहसा थीमला दाद देत नाहीत. घरी, ऑफिसात, फोनवरच्या टर्मिनलमध्ये तेच दिसतात. ठोकळ्यातला नंबर काढायचा हिशोब असा: १६, अधिक लालची पायरी गुणिले ३६, अधिक हिरव्याची गुणिले ६, अधिक निळ्याची, पायऱ्या ० ते ५. लाल पूर्ण ५ आणि बाकी शून्य म्हणजे १६ अधिक १८०, अर्थात १९६. मघाची भडक लाल चाचणी हीच.

एकाच मशीनवर बसत असाल तर खिडकीच्या सेटिंगमधला निळा जरा उजळ करा. मेलखेरीज इतर सगळ्या प्रोग्रॅमनाही फायदा होतो. चार ठिकाणांहून मेल पाहत असाल तर मटआरसीमध्येच १६ च्या पुढचे नंबर द्या. काळ्या पार्श्वभूमीवर मी उद्धृत मजकुरासाठी हे वापरते:

कलर कोटेड कलर७५ डीफॉल्ट
कलर कोटेड१ कलर१०८ डीफॉल्ट
कलर कोटेड२ कलर१७९ डीफॉल्ट

७५ म्हणजे मोकळा आकाशी, १०८ मऊ हिरवा, १७९ वाळूसारखा. उत्तराच्या उत्तरात तीन पायऱ्यांपर्यंत कोण काय बोलला ते नजरेतच कळतं. पांढऱ्या पार्श्वभूमीवर मात्र ७५ फिका पडतो, तिथे २५ बरा.

शेवटचा ‘डीफॉल्ट’ म्हणजे खिडकीची जी पार्श्वभूमी असेल ती. तिथे ‘ब्लॅक’ लिहिलं की खिडकी पूर्ण काळी नसल्यास प्रत्येक ओळीमागे काळे ठिगळ दिसतं. तुमचा मट एनकर्सेसऐवजी एसलँग लायब्ररीवर बांधलेला असेल, तर डीफॉल्ट चालण्यासाठी कलरएफजीबीजी हे चलही द्यावं लागतं. मट उणे-व्ही दिलं की कोणती लायब्ररी आहे ते कळतं.

साखळी गावचे एक निवृत्त सर माझ्याकडून दोन वर्षं निळा उजळ करून घेत होते. दर खेपेला थोडा अजून. मग त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि आठवड्याने फोन आला, ‘‘अगं, हा निळा आता डोळ्यात घुसतो!’’ पिवळट झालेलं भिंग निळा प्रकाश अडवत होतं. ते निघालं, निळा मोकळा झाला. त्यांची फाइल मी परत पहिल्यासारखी करून दिली.

गायब ओळी

लक्षण ३ ला लोक सगळ्यात जास्त घाबरतात, कारण पत्र पुसलं गेल्यासारखं वाटतं. पुसलेलं नसतं. अक्षराचा आणि पार्श्वभूमीचा रंग एकच झालेला असतो.

नेहमीचा संशयित सोलराइझ्ड ही थीम. ती बेतणाऱ्याने सोळा जागांतल्या ‘उजळ’ जागांपैकी काही राखाडी छटांसाठी घेतल्या. तिच्या गडद रूपात नंबर ८, म्हणजे एरवीचा गडद राखाडी, हा नेमका पार्श्वभूमीचाच रंग आहे. तुमच्या फाइलीत सही किंवा वाचलेली पत्रं कलर८ ने रंगवलेली असतील तर ती या थीमवर अदृश्य. उपाय: ८ च्या जागी २४४ लिहा. तो मधला राखाडी आहे आणि थीम बदलली तरी जागचा हलत नाही.

दुसरा संशयित ठळक अक्षरांचा. काही खिडक्या ठळक अक्षर आपोआप उजळ जागेतल्या रंगाने काढतात. पटीतली ती फॉन्ट-की-रंग खूण हीच. ठळक काळं म्हणजे मग नंबर ८, आणि पुन्हा तोच गोंधळ. ठळकपणा फॉन्टने दाखवा, रंगाने नको.

कोणती फाइल वाचली जातेय?

इथवर सगळं ठीक आणि १९६ लाल दिसतोय, तर आता मटआरसी उघडा. पण आधी एक खोडी करा. फाइलीत वरच्या बाजूला एका ओळीवर काहीतरी निरर्थक लिहा आणि मट सुरू करा. मटने त्या ओळीचा नंबर देऊन तक्रार केली तर ही फाइल वाचली जातेय. तक्रार आलीच नाही, तर तुम्ही भलत्याच फाइलीवर मेहनत घेताय.

हे वाटतं त्याहून जास्त वेळा होतं. मट घरच्या फोल्डरातली मटआरसी, मट नावाच्या फोल्डरातली, किंवा कॉन्फिग फोल्डरातली अशा जागा पाहतो आणि पहिली सापडेल ती घेतो. निओमट आधी स्वतःच्या नावाची फाइल शोधतो. मटवरून निओमटवर गेलेल्या माणसाकडे दोन्ही असतात. तो जुनी सुधारत राहतो आणि प्रोग्रॅम नवी वाचत राहतो.

खोडीची ओळ काढायला विसरू नका.

उलट दिशेची चाचणीही आहे. मट उणे-एन, उणे-मोठा-एफ आणि पुढे डेव्ह-नल दिलं की कुठलीही मांडणी न वाचता मट कोरा उघडतो. मग कोलन दाबून खालच्या ओळीत एकच रंगाची आज्ञा हाताने द्या. ती लागली तर फाइलीतलं दुसरं काहीतरी तिला नंतर खोडतंय. बहुतेकदा तळाशी सोर्स या आज्ञेने दुसऱ्या फाइलीतून आणलेली एखादी तयार थीम.

नियम लागत नाही

लक्षण ७. यादीतल्या पत्रांना रंग देणारे नियम एकमेकांवर येतात: एकच पत्र नवीनही असतं, महत्त्वाची खूण केलेलंही असतं आणि तुमच्या नावे आलेलंही. कुणाचा रंग जिंकेल ते ओळींच्या क्रमावर ठरतं. दोन ओळी वरखाली करून पाहा, वाचत बसण्यापेक्षा ते लवकर होतं. आधीचे सगळे नियम पुसून नवे सुरू करायचे तर थीमच्या वर ‘अनकलर इंडेक्स तारा’ ही ओळ द्या.

शोधनमुन्यात मोठं रोमन अक्षर असलं की मट लहान-मोठ्याचा भेद करतो. सगळी लहान असली की करत नाही. ‘अर्जंट’ मोठ्या यू ने लिहिलंत आणि पत्र लहान यू ने आलं, तर रंग नाही. दुहेरी अवतरणात उलटी तिरकी रेघ लागली तर ती दोनदा द्यावी लागते. आणि हॅश चिन्हापुढे मट टिप्पणी समजतो, तेव्हा नमुन्यात हॅश असेल तर नमुना अवतरणातच हवा.

मराठी विषयांनाही नियम लावता येतात. विषयात ‘तातडीचे’ असलं की लाल, हा नियम मी तीन ऑफिसांत लावलाय. त्यासाठी लोकॅल, म्हणजे सिस्टिमची भाषा-लिपीची मांडणी, यूटीएफ-८ असायलाच हवी. लोकॅल चारमॅप ही आज्ञा द्या. उत्तरात यूटीएफ-८ दिसलं नाही तर देवनागरी नमुना जुळणार नाही, आणि विषयही प्रश्नचिन्हांत दिसेल.

मराठी ओळीवर वाकडी होणारी पट्टी, म्हणजे लक्षण ६ चा दुसरा भाग, ही वेगळीच डोकेदुखी. काना-मात्रा-वेलांट्या आणि जोडाक्षरं किती रकाने जागा घेतात याचा हिशोब मट एक करतो आणि खिडकी दुसरा. दोघांचं जमलं नाही की पट्टीचा शेवट चुकतो. सर्व्हरच्या बाजूने याला इलाज नाही. देवनागरी नीट मांडणारं दुसरं टर्मिनल वापरून पाहा. फॉन्ट बदलल्यानेही कधी फरक पडतो. नाहीतर कंट्रोल-एल आहेच. मी स्वतः कंट्रोल-एलवरच जगते.

टीमक्स आणि स्क्रीन

टीमक्सच्या आत टर्मचं नाव टीमक्सचं किंवा स्क्रीनचंच हवं, एक्सटर्मचं नको. टीमक्सच्या मांडणीत डीफॉल्ट-टर्मिनलला टीमक्स-२५६कलर द्या. सर्व्हर जुना असेल आणि त्याला हे नाव माहीत नसेल तर स्क्रीन-२५६कलर. बदल केल्यावर फक्त खिडकी बंद-उघड करून भागत नाही, कारण टीमक्सचा मूळ सर्व्हर मागे चालूच असतो. आतली कामं जतन करा आणि टीमक्स किल-सर्व्हर द्या. ही एक पायरी न केल्याने ‘तू सांगितलंस ते केलं, काही झालं नाही’ असं मला किती जणांनी ऐकवलंय.

पट्टी फक्त अक्षरांमागे रंगते आणि उरलेली ओळ कोरी राहते, हे जीएनयू स्क्रीनमध्ये जास्त दिसतं. ओळीचा उरलेला भाग पुसताना चालू पार्श्वभूमीचा रंग वापरायचा की मूळचा, यावर टर्मिनल आणि टर्मइन्फो यांचं एकमत नसतं. स्क्रीनआरसीमध्ये डेफबीसीई चालू करा आणि टर्मचं नाव शेवटी बीसीई असलेलं घ्या.

एचटीएमएल पत्रांतले रंग

कुणीतरी सुचवतं की अलाउ-एएनएसआय, म्हणजे पत्राच्या मजकुरातले रंगांचे संकेत मानायचं मटचं सेटिंग, चालू कर, एचटीएमएल (वेबपानासारखी सजवलेली) पत्रं मस्त रंगीत दिसतील. मटच्या माहितीपुस्तिकेतच इशारा आहे: मग पाठवणारा पत्राच्या मजकुरात स्वतः रंग घालू शकतो, आणि ‘ही सही तपासली आहे’ अशी मटच्या तोंडची वाटणारी ओळ हुबेहूब त्याच रंगात उभी करू शकतो. ज्यांच्या मेलवर बँकेचे आणि मालाचे व्यवहार चालतात त्यांच्याकडे मी ते बंदच ठेवते.

अल्पाइनवाल्यांसाठी

वॉशिंग्टन विद्यापीठात घडलेल्या पाइनचा हा वारस; याला फाइलीत हात घालावा लागत नाही. मुख्य मेनूत एस, मग के. हो, कलर के ने, कारण सी आधीच दुसऱ्या कामाला दिलेला. सर्वात वर कलर स्टाइल आहे. ती ‘नो-कलर’वर असेल तर खालचं काहीही बदलून उपयोग नाही. ‘यूज-टर्मडेफ’ घ्या, म्हणजे तो टर्मइन्फोला विचारतो. फोर्स-वाले पर्याय न विचारताच रंग पाठवतात. टीपुटने २५६ दाखवले असतील तर त्यांची गरजच नाही.

एअर्क हा आणखी एक मेल प्रोग्रॅम वापरत असाल तर रंग स्टाइलसेट नावाच्या वेगळ्या फाइलीत असतात आणि मुख्य मांडणीत त्या फाइलीचं नाव द्यावं लागतं. नाव द्यायचं राहून जातं, एवढंच.

सर्व्हरला नावच माहीत नाही

नव्या धाटणीची टर्मिनलं, उदाहरणार्थ किटी किंवा अलॅक्रिटी, स्वतःचं वेगळं नाव पाठवतात. जुन्या सर्व्हरच्या टर्मइन्फोत ते नाव नसतं, आणि मट उघडायलाच नकार देतो. डेबियनवर एनकर्सेस-टर्म हे पॅकेज टाकलं की बरीच नावं येतात, पण त्याला प्रशासकाचा अधिकार लागतो. तो नसेल तर आपल्या मशीनवर इन्फोकंप उणे-एक्स चालवून त्याचं उत्तर एसएसएचमधून सर्व्हरवरच्या टिक उणे-एक्सला द्या. नोंद तुमच्याच घरच्या फोल्डरात बसते, बाकी कुणाला धक्का लागत नाही.

इथे थांबा

मॉनिटरच्या मेनूलाच झाक असेल तर दुरुस्तीवाला, वर सांगितलंच.

टीपुटने २५६ दाखवले, १९६ लाल आला, कोऱ्या मटमध्ये हाताने दिलेला रंगही लागला नाही, तर मट बांधतानाच गडबड झालेली असू शकते. ऑफिसच्या सामायिक सर्व्हरवर स्वतः मट बांधून बसवू नका आणि टर्मइन्फोची सामायिक नोंदवही तर अजिबात बदलू नका. तुमचे रंग येतील आणि दुसऱ्या वीसजणांचे जातील. सर्व्हर सांभाळणाऱ्याला बोलवा.

बाकीच्यांना सहज वेगळे दिसणारे लाल आणि हिरवे तुम्हाला सारखेच दिसत असतील, तर मटआरसी सोडून डोळ्यांच्या डॉक्टरकडे एकदा जाऊन या. हा प्रकार सहसा जन्मापासूनचा असतो, त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने पुरुषांत जास्त. त्याला औषध लागत नाही. फिक्या-गडद फरकावर आणि ठळकपणावर बेतलेली थीम लागते, ती मी करून देते. पण रंग अचानक फिके पडले, किंवा एका डोळ्याने वेगळे आणि दुसऱ्याने वेगळे दिसू लागले, तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा.

आणि मला किंवा तुमच्याकडच्या कुणाला फोन कराल तेव्हा चार गोष्टी कागदावर लिहून ठेवा: एको टर्मचं उत्तर, टीपुट कलर्सचा आकडा, मट उणे-व्हीच्या पहिल्या काही ओळी, आणि टीमक्सच्या बाहेर काय दिसतं ते. एवढं हातात असलं तर पर्वरीहून वास्कोला यायची बहुतेकदा गरज पडत नाही.